ड्यूक्स ऑफ स्ट्रॅटॉस्फिअर: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

साठच्या दशकातल्या रॉकची आवड असणाऱ्या मंडळींकडून या बँडबद्दल सतत विचारणा होते, आणि निम्म्याहून अधिक पत्रांचा सूर एकच असतो: "हे लोक खरंच होते का हो?" तेच ते उत्तर सुटं सुटं देण्यापेक्षा एका ठिकाणी लिहून ठेवलं आहे. घाई असेल तर पहिले तीन आणि शेवटचा प्रश्न वाचा, काम भागेल.

१. ड्यूक्स ऑफ स्ट्रॅटॉस्फिअर म्हणजे नक्की कोण? साठच्या दशकातला बँड आहे ना हा?

नाही. कव्हर, वादकांची नावं, आवाज, सगळं १९६७ चं आहे. पहिली रेकॉर्ड मात्र दुकानात आली १ एप्रिल १९८५ रोजी. तारखेवरून काय ते ओळखा. इंग्लंडमधल्या स्विंडन गावच्या एक्सटीसी या बँडने टोपणनावं घेऊन केलेला हा उद्योग. त्यांच्या रेकॉर्डी दोनच: 'ट्वेंटी-फाइव्ह ओक्लॉक' (१९८५, सहा गाणी) आणि 'सॉनिक सनस्पॉट' (१९८७, दहा गाणी). त्यानंतरच्या एका किरकोळ अपवादाबद्दल प्रश्न १६ पाहा.

शोधताना एक लक्षात ठेवा. स्ट्रॅटॉस्फिअरचं शेवटचं स्पेलिंग त्यांनी कानाच्या इंग्रजी शब्दासारखं केलंय, आणि 'सॉनिक सनस्पॉट'मधल्या दोन्ही शब्दांआधी उगाचच एक 'पी' चिकटवलाय. सरळ स्पेलिंग टाकलंत तर भलतंच काहीतरी हाती लागेल.

२. मग गाणी तरी जुनी आहेत का? कोणाची गाणी त्यांनी परत गायली आहेत?

एकही नाही. सोळाच्या सोळा गाणी त्यांची स्वतःची. गैरसमज होण्याचं कारण असं की पहिल्यांदा ऐकताना प्रत्येक गाणं आधी कुठेतरी ऐकल्यासारखं वाटतं. चाल उचललेली नसते, वळण उचललेलं असतं.

आपल्याकडचं उदाहरण द्यायचं तर आज एखाद्याने बालगंधर्वांच्या काळच्या ढंगात नवं कोरं पद रचावं, ऑर्गन-तबल्याची साथ घ्यावी, ताना त्याच धाटणीच्या घ्याव्यात, आणि 'एका विस्मृत नाटक मंडळीचं पद सापडलं' म्हणून वाजवावं. जाणकारही दोन मिनिटं गप्प बसतील आणि मग एकमेकांकडे बघून हसतील. ड्यूक्सची सगळी मजा त्या दोन मिनिटांत आहे.

३. सर जॉन जॉन्स, द रेड कर्टन वगैरे लोक कोण? खरी नावं सांगा.

सर जॉन जॉन्स म्हणजे अँडी पार्ट्रिज: गायन, गिटार आणि बहुतेक गाण्यांचा कर्ता. द रेड कर्टन म्हणजे कॉलिन मोल्डिंग, बेस वाजवणारा आणि दुसरा गीतकार. लॉर्ड कॉर्नेलियस प्लम म्हणजे डेव्ह ग्रेगरी, गिटार आणि कीबोर्ड. ड्रमवर ई. आय. ई. आय. ओवेन, म्हणजे डेव्हचा भाऊ इयन ग्रेगरी. म्हाताऱ्या मॅक्डोनाल्डच्या शेताचं बालगीत इंग्रजी शाळेत घोकलेल्यांना या शेवटच्या नावाची गंमत लगेच कळेल.

चौघांपैकी इयन तेवढा एक्सटीसीचा सभासद नव्हता. एक्सटीसीचा मूळ ड्रमर टेरी चेंबर्स ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीला बँड सोडून गेला होता आणि ती जागा कायमची कोणी भरली नव्हती. निर्मात्याच्या नावाबद्दल प्रश्न ६ पाहा. तिथे आपल्याकडचा धागा आहे.

४. एक्सटीसी हे नाव प्रथमच ऐकतोय. ते कोण?

स्विंडन हे रेल्वेच्या कारखान्यावर वाढलेलं गाव. तिथल्या पोरांनी सत्तरच्या दशकात बँड काढला, नावं बदलत बदलत १९७५ मध्ये 'एक्सटीसी'वर स्थिरावले. १९७८ मध्ये 'व्हाइट म्युझिक' आणि 'गो टू' हे पहिले दोन अल्बम आले. दोन्हींचा निर्माता जॉन लेकी, आणि हा माणूस पुढे पुन्हा येणार आहे. डेव्ह ग्रेगरी १९७९ मध्ये दाखल झाला. पंकच्या लाटेत सुरुवात, पण चाली बांधण्यातलं कसब आधीपासून वेगळं. समीक्षक कायम खूश, खप कायम बेताचा, असा त्यांचा लौकिक.

ड्यूक्स समजण्यासाठी एक गोष्ट माहीत हवी. १९८२ च्या दौऱ्यात पार्ट्रिज पॅरिसमध्ये मंचावर कोलमडला, आणि त्यानंतर थोड्याच दिवसांत बँडने दौरे कायमचे बंद केले. यापुढे सगळं काम स्टुडिओत. बीटल्सनेही १९६६ नंतर हेच केलं होतं, आणि ज्या रेकॉर्डींची ड्यूक्स नक्कल करतात त्यांतल्या बऱ्याच त्या निर्णयानंतरच्या आहेत.

५. ही कल्पना सुचली कशी?

दोन जणांना एकाच वेळी कामावरून काढल्यामुळे.

पार्ट्रिजच्या डोक्यात हे खूळ जुनंच होतं. शाळकरी वयात ज्या रेकॉर्डींनी वेड लावलं तशी एक तरी करायची, हे त्याचं स्वप्न. ड्यूक्स हे नावही एक्सटीसीच्या आधीच्या काळात त्याच्या यादीत होतं. मुहूर्त मात्र लागत नव्हता. १९८४ च्या अखेरीस पार्ट्रिज आणि लेकी हे कॅनडाच्या मेरी मार्गारेट ओहारा या गायिकेचा अल्बम करणार होते. ते फिसकटलं आणि दोघेही बाहेर पडले. पार्ट्रिज मुलाखतींतून सांगतो त्याप्रमाणे, कट्टर कॅथलिक असलेल्या गायिकेला लेकीचं रजनीशांचं शिष्यत्व पटलं नाही आणि पार्ट्रिजचं नास्तिक असणंही. ही एका बाजूची हकिकत आहे, तेवढ्यापुरतीच धरावी. पण दोघांच्या हातात अचानक रिकामा वेळ आला हे खरं, आणि तो वाया घालवायचा नाही म्हणून व्हर्जिन या रेकॉर्ड कंपनीकडे थोडे पैसे मागितले गेले.

६. निर्माता म्हणून 'स्वामी आनंद नगारा' असं नाव छापलंय. हा भारतीय आहे का? पुण्याशी काही संबंध?

माणूस इंग्रज, नाव संन्यासाचं. स्वामी आनंद नगारा म्हणजे जॉन लेकीच. बाकीच्यांनी विनोदी टोपणनावं शोधून काढली. लेकीला शोधावं लागलं नाही, त्याच्याकडे खरंखुरं दुसरं नाव तयार होतं. तो भगवान रजनीशांचा अनुयायी होता, आणि हे नाव त्या दीक्षेचं.

रजनीशांचा आश्रम १९७४ पासून पुण्यात कोरेगाव पार्कात होता. १९८१ मध्ये ते अमेरिकेला गेले. त्या वर्षांत भगव्या वेषातले गोरे शिष्य पुण्याच्या रस्त्यांवर सायकलवरून हिंडताना आपल्या आधीच्या पिढीने पाहिले आहेत, आणि त्यांतले बरेच जण आपापल्या देशांत कलावंत, तंत्रज्ञ, डॉक्टर होते. तेव्हा 'साठच्या दशकातल्या हिप्पी रेकॉर्डवर शोभावं म्हणून बनवलेलं भारतीय नाव' असा जो समज आहे तो चूक आहे. त्या कव्हरवरच्या सगळ्या नावांत खोटं नसलेलं नाव हे एकच, आणि नेमकं तेच सर्वांत बनावट दिसतं! ध्वनिमुद्रणाचा मात्र पुण्याशी काही संबंध नाही. ते सगळं इंग्लंडात झालं.

७. किती पैसे लागले, किती दिवस लागले?

व्हर्जिनने पाच हजार पौंड दिले. हेरफर्डमधल्या चॅपल लेन स्टुडिओत डिसेंबर १९८४ मध्ये साधारण दोन आठवड्यांत ध्वनिमुद्रण आणि मिश्रण दोन्ही उरकलं, आणि एक हजार पौंड कंपनीला परत गेले. रेकॉर्ड कंपनीला पैसे परत करणारा बँड ही या प्रकरणातली सर्वांत अविश्वसनीय गोष्ट, असं माझं प्रामाणिक मत.

कामाचे नियम त्यांनी आधीच ठरवले होते. गाणं १९६७-६८ च्या संकेतांत बसलं पाहिजे. कुठलाही भाग दोन प्रयत्नांत जमला पाहिजे, तिसरा नाही. शक्य तिथे जुनीच वाद्यं आणि जुनीच यंत्रं. लागोपाठचे अल्बम महिनोन्महिने घासून करणाऱ्या या मंडळींना दोन प्रयत्नांच्या अटीने केवढा मोकळा श्वास मिळाला असेल ते रेकॉर्डवर ऐकू येतं. एखादा सूर किंचित हलतो, ड्रम जरा पुढे धावतो, आणि तसंच ठेवलेलं आहे.

८. १९८५ मध्ये तो जुना आवाज काढला कसा? संगणकावर?

संगणक नाही. टेप, आणि टेपशी केलेली दांडगाई.

ऐंशीच्या दशकाच्या मध्यावर स्टुडिओंत ड्रमयंत्रं आणि डिजिटल उपकरणांची चलती होती. एक्सटीसीच्या आधीच्या अल्बमवरही ड्रमयंत्र आहे. ड्यूक्ससाठी ते सगळं बाजूला ठेवलं. लेकी इथे फार उपयोगी पडला. त्याने १९७० मध्ये लंडनच्या ॲबी रोड स्टुडिओत टेप ऑपरेटर म्हणून सुरुवात केली होती. ज्या खोल्यांत, ज्या यंत्रांवर त्या जुन्या करामती झाल्या तिथेच तो शिकला. कुठली युक्ती कशी केली असेल याचा अंदाज बांधायची त्याला गरजच नव्हती.

मुख्य युक्त्या अशा. पहिली मेलोट्रॉन. दिसायला पेटीसारखं वाद्य, पण प्रत्येक पट्टीखाली टेपचा एक तुकडा असतो आणि त्यावर खऱ्या बासरीचा, व्हायोलिनचा किंवा कोरसचा तो एक सूर मुद्रित केलेला असतो. पट्टी दाबली की टेप सरकते आणि सूर वाजतो. आठेक सेकंदांत टेप संपते आणि सूर तुटतो, म्हणून वादकाला बोटं हलती ठेवावी लागतात. टेप जुनी झाली की सूर जरासा डगमगतो. बीटल्सच्या 'स्ट्रॉबेरी फील्ड्स फॉरएव्हर'च्या सुरुवातीची बासरी ती हीच. डेव्ह ग्रेगरीकडे स्वतःचा मेलोट्रॉन होता आणि दोन्ही रेकॉर्डींवर तो भरपूर राबला आहे.

दुसरी, उलटी टेप. गिटार वाजवून मुद्रित करायची आणि तो तुकडा मागून पुढे वाजवायचा. सूर आधी फुगत येतो आणि मग एकदम कापला जातो. तिसरी, एकच ध्वनी दोन टेपयंत्रांवर अगदी थोड्या फरकाने वाजवायची. दोन्ही एकमेकांत मिसळले की सगळ्या आवाजातून एक घुसळण फिरत जाते. १९६६ मध्ये ॲबी रोडच्या केन टाउनसेंडने याच तत्त्वावर गायकाचा आवाज आपोआप दुहेरी करण्याची सोय केली, कारण जॉन लेननला तीच ओळ दोनदा गाण्याचा कंटाळा यायचा. आणि चौथी गोष्ट अगदी साधी: ड्रम एका कानात, गाणं दुसऱ्या कानात, असं त्या काळचं स्टिरिओ. हेडफोन लावून ऐकलंत तर हा खोडसाळपणा जास्त कळतो.

९. कुठलं गाणं कोणाच्या वळणावर आहे? यादी मिळेल का?

यादी करायला लागलो तर भांडणं होतील, कारण एकेका गाण्यात तीन-तीन बँड लपलेले आहेत. ठळक तेवढे सांगतो.

'ट्वेंटी-फाइव्ह ओक्लॉक' हे शीर्षकगीत घड्याळांच्या टिकटिकीने सुरू होतं आणि कॅलिफोर्नियाच्या इलेक्ट्रिक प्रून्सची आठवण करून देतं. 'बाइक राइड टू द मून'मध्ये टुमॉरो या लंडनच्या बँडचं पांढऱ्या सायकलीवरचं गाणं आहे आणि सिड बॅरेटच्या काळातल्या पिंक फ्लॉइडचा पोरकटपणाही. 'युअर गोल्ड ड्रेस'मधला पियानो १९६७ च्या रोलिंग स्टोन्सच्या घरचा.

'द मोल फ्रॉम द मिनिस्ट्री' जरा थांबून ऐकण्यासारखं आहे. जड पावलांनी चालणारा पियानो, त्यामागे ओढत येणारे ड्रम, नाकातून आलेला आवाज, मेलोट्रॉनचे ढग. हे सरळसरळ बीटल्सच्या 'आय ॲम द वॉलरस'चं घराणं. गाणारा कोण, तर जमिनीखाली राहून सगळ्यांवर नजर ठेवणारा सरकारी चिचुंद्रा, म्हणजे हेरही आणि बागेची नासाडी करणारा प्राणीही (इंग्रजी 'मोल'चे हे दोन्ही अर्थ). गाणं संपतं, आवाज विरत जातो, तुम्ही उठायला लागता, आणि ते परत येतं, आता सगळं विस्कटलेलं. बीटल्सने 'स्ट्रॉबेरी फील्ड्स'च्या शेवटी असाच चकवा दिला होता. बीबीसीच्या एका प्रादेशिक कार्यक्रमासाठी या गाण्याची चित्रफीतही झाली. मोठी माणसं हौसेने वेषांतर करून बागडताना पाहायची असतील तर जरूर पाहा.

दुसऱ्या रेकॉर्डवर मोल्डिंगचं 'व्हॅनिशिंग गर्ल' हॉलीजच्या गळ्यातलं, त्याचंच 'शायनी केज' 'रिव्हॉल्व्हर'च्या काळातल्या बीटल्सचं, 'यू आर माय ड्रग' बर्ड्सच्या बारा तारांच्या गिटारीचं. 'ब्रेनिॲक्स डॉटर' हे सुपरमॅनच्या शत्रूच्या मुलीवरचं प्रेमगीत पॉल मॅकार्टनीच्या उड्या मारणाऱ्या पियानोवर बेतलंय. आणि शेवटचं 'पेल अँड प्रेशस' म्हणजे ब्रायन विल्सनच्या बीच बॉइजना घातलेला दंडवत.

१०. ही थट्टा आहे की आदरांजली? टिंगल करतायत असं कधी कधी वाटतं.

टिंगल त्या काळाच्या थाटाची आहे, संगीताची नाही. सर, लॉर्ड अशा पदव्या, चंद्रावर सायकल, पंचविसावा तास, हे सगळं हसण्यावारी. पण सूर लावताना कोणी डोळा मारत नाही. 'पेल अँड प्रेशस' ऐका. शब्द आणि कव्हर विसरून ऐकलंत तर ते निखळ सुंदर गाणं आहे, आणि विडंबनाच्या रेकॉर्डवर ते काय करतंय असा प्रश्न पडतो. माझ्या मते उत्तर सोपं आहे: मुखवटा नसता तर पार्ट्रिजने इतकं भाबडं गाणं लिहायचं धाडस केलं नसतं. स्वतःच्या नावावर तो शब्दांशी कोट्या करत, जरा अंतर राखत वावरतो. सर जॉन जॉन्सला अब्रूची भीती नाही.

तुलना रटल्सशी नेहमी होते. नील इनिस आणि एरिक आयडल यांचा तो १९७८ चा प्रकल्प थेट बीटल्सचंच चरित्र घेऊन केलेला विनोद होता, त्यामुळे मूळ ठाऊक नसेल तर अर्धा रस गेला. ड्यूक्सना एक बँड पुरत नाही, आणि त्यांचं गाणं मूळ न ओळखताही उभं राहतं. इनिसच्याच बॉन्झो डॉग डू-दा बँडने मात्र हा वात्रटपणा साठच्या दशकातच, चालू काळात केला होता. त्यांचं १९६८ चं गाजलेलं 'आय ॲम द अर्बन स्पेसमन' पॉल मॅकार्टनीने अपोलो सी. व्हर्माउथ या टोपणनावाने निर्माण करण्यात भाग घेतला होता. तेव्हा खोट्या नावाची परंपराही जुनीच म्हणायची.

११. मला बीटल्सची चार-पाच गाणीच माहीत आहेत. यातली गंमत कळेल का?

कळेल, पण उलट्या क्रमाने. आधी ही गाणी आवडतील, आणि पुढे कधीतरी हॉलीज किंवा पिंक फ्लॉइडची पहिली रेकॉर्ड ऐकताना 'अरे, हे तर ड्यूक्ससारखं' असं वाटेल. बरेच जण याच दाराने साठच्या दशकात शिरले आहेत. कोट्या सुटतील काही, सुटू द्या.

१२. लोक खरंच फसले होते का?

रेकॉर्डवर एक्सटीसीचं नाव कुठेही नव्हतं आणि कव्हर पार्ट्रिजने स्वतः बनवलं होतं, क्रीम या बँडच्या 'डिझरायली गिअर्स' या अल्बमच्या कव्हरवरच्या भडक चित्राच्या धर्तीवर. अनोळखी माणसाला शंका यावी असं काही नव्हतं. पार्ट्रिजचा आवाज ओळखणाऱ्यांनी अर्थातच ओळखला.

खरा टोला पुढेच आहे. एक्सटीसीचा त्याआधी काही महिन्यांपूर्वी आलेला 'द बिग एक्सप्रेस' हा खर्चिक, मेहनतीने घडवलेला अल्बम ब्रिटनच्या यादीत ३८ व्या क्रमांकावर पोचून परतला होता. दोन आठवड्यांत गंमत म्हणून केलेली ही सहा गाणी ब्रिटनमध्ये त्याच्या दुप्पट खपली, असं स्वतः मंडळीच सांगतात. पार्ट्रिजने नंतर कबूल केलंय की हे त्याला जरा लागलं. लोकांना आपल्यापेक्षा आपली सोंगं जास्त आवडली, हे कोणाला बरं वाटेल?

१३. दुसरी रेकॉर्ड पहिल्यापेक्षा कमी विनोदी वाटते. असं का?

बरोबर पकडलंत. पहिल्या वेळी सोंग होतं, दुसऱ्या वेळी सवय झाली होती. व्हर्जिनने या खेपेला दहा हजार पौंड दिले आणि काम झालं कॉर्नवॉलमधल्या सॉमिल्स स्टुडिओत. फाउई नदीकाठच्या या जागेपर्यंत गाडीरस्ता नाही. वाद्यं आणि यंत्रं होडीतून न्यावी लागतात. गाण्यांच्या मधे लिली फ्रेझर नावाच्या छोट्या मुलीने वाचलेले निरर्थक गोष्टीचे तुकडे आहेत, ब्रिटिश बालसाहित्याच्या चालीवरचे. रेकॉर्ड आली ऑगस्ट १९८७ मध्ये. गुपित तोवर उघड झालेलंच होतं.

चांगली कुठली? विनोदासाठी पहिली, गाण्यांसाठी दुसरी. मला विचाराल तर दुसरी, पण मित्रमंडळींत यावर एकमत नाही.

१४. एक्सटीसी, सायकेडेलिक... हे सगळं अमली पदार्थांबद्दल आहे का? मुलं ऐकतात म्हणून विचारते.

काळजी नको. एक्सटीसी हे नाव 'एक्स्टसी' ही नशेची गोळी जगभर माहीत होण्याआधीचं आहे. जिमी ड्युरँटी या अमेरिकन विनोदवीराच्या एका जुन्या चित्रपटातल्या उद्गारावरून ते आलं असं पार्ट्रिज सांगतो. ड्यूक्समधला 'सायकेडेलिक' (भास झाल्यासारखा, गरगरणारा) भाग हा रेकॉर्डींवरून शिकलेला आहे. लहान मुलाने रेडिओला कान लावून जे ऐकलं त्याची ही आठवण आहे. एका गाण्याच्या नावात 'ड्रग' शब्द आहे खरा, पण ते प्रेयसीला उद्देशून, आपल्या चित्रपटगीतांत 'नशा' येते तसंच. चंद्र, सायकल, चिचुंद्री आणि दीपगृहं मुलांना बहुधा आवडतील. त्यांनी अर्थ विचारला तर तुमचीच पंचाईत होईल.

१५. त्यांचा एखादा जाहीर कार्यक्रम मुद्रित झालेला आहे का?

नाही, कारण कार्यक्रम झालेच नाहीत. एक्सटीसीने दौरे सोडलेले होते (प्रश्न ४), आणि उलट्या टेपा मंचावर वाजवायच्या कशा हाही प्रश्न होताच. 'लाइव्ह' म्हणून कोणी काही विकत असेल तर पैसे वाचवा.

१६. बँड संपला कसा? परत एकत्र आले होते असं ऐकलं.

पार्ट्रिजच्या म्हणण्यानुसार ड्यूक्स एका भीषण शरबत-पूड अपघातात दगावले. इंग्रज मुलं बोटाने चाटतात ती आंबटगोड पूड. यापेक्षा अधिकृत निवेदन उपलब्ध नाही. २००३ मध्ये मल्टिपल स्क्लेरोसिसच्या रुग्णांसाठी निधी उभारणाऱ्या एका संकलनासाठी ते कबरीतून उठले आणि 'ओपन अ कॅन ऑफ ह्यूमन बीन्स' हे एक गाणं करून पुन्हा झोपले. प्रश्न १ मधला अपवाद तो हाच.

१७. एक्सटीसीचं 'बिग डे' हे मुळात ड्यूक्सचं गाणं आहे का? आणि थ्री वाइज मेन म्हणजेही हेच का?

'बिग डे' मोल्डिंगने ड्यूक्ससाठी आणलं होतं. ते सोंगावर वाया घालवण्याइतकं साधं नाही असं ठरलं आणि १९८६ च्या 'स्कायलार्किंग'वर ते एक्सटीसीच्या नावाने आलं. त्यामुळे मोजताना ते एक्सटीसीत धरा. पण ऐकताना त्यातला गरगरणारा आवाज कुठून आला ते कळेल.

थ्री वाइज मेन हे १९८३ च्या नाताळच्या एका सिंगलसाठी घेतलेलं वेगळं टोपणनाव. १९९५ मध्ये एक्सटीसीच्या गाण्यांवर इतर कलावंतांनी केलेल्या मानवंदनेच्या अल्बममध्ये ही मंडळी टेरी अँड द लव्हमेन या नावाने स्वतःलाच मानवंदना द्यायला घुसली. सोंगं तीन, माणसं तीच. ड्यूक्सच्या सोळा गाण्यांत यांतलं काही धरू नका.

१८. या चेष्टेचा पुढे कोणावर परिणाम झाला का?

सर्वांत मोठा परिणाम एक्सटीसीवरच. 'स्कायलार्किंग' आणि १९८९ चा 'ऑरेंजेस अँड लेमन्स' ऐकले की मुखवट्याचा रंग चेहऱ्याला लागलेला दिसतो. ड्यूक्स वेगळे ठेवण्याची गरजच उरली नाही, आणि माझ्या मते ते संपण्याचं खरं कारण शरबताऐवजी हे असावं. लेकीने १९८९ मध्ये मँचेस्टरच्या स्टोन रोझेसचा पहिला अल्बम केला, आणि त्यावर एक अख्खं गाणं दुसऱ्या गाण्याची टेप उलटी फिरवून त्यावर बेतलेलं आहे. पुढे १९९५ मध्ये रेडिओहेडचा 'द बेंड्स'ही त्याच्याच हातून गेला.

१९. विकत घ्यायचं तर कुठली आवृत्ती घ्यावी?

स्वस्तात सगळं हवं असेल तर १९८७ ची 'चिप्स फ्रॉम द चॉकलेट फायरबॉल' ही सीडी. सोळाही गाणी एकीवर आहेत. २००९ मध्ये पार्ट्रिजच्या एप हाउस या रेकॉर्ड कंपनीने दोन्ही रेकॉर्डी सुट्या काढल्या, कच्च्या मुद्रणांच्या जोडीने. त्यांवर 'एक्सटीसी ॲज द ड्यूक्स' असं छापलंय, म्हणून दुकानात त्या एक्सटीसीच्या रांगेत सापडतात. २०१९ च्या 'सराउंडअबाउट राइड'मध्ये (इथेही आधी मुका 'पी') स्टीव्हन विल्सनने केलेली नवी मिश्रणं आहेत, स्टिरिओत आणि अनेक स्पीकरांच्या मांडणीतही. घरी तशी यंत्रणा असेल तर आवाज खोलीभर हिंडतात.

पण नवी मिश्रणं स्वच्छ आहेत, आणि ड्यूक्स मुळात स्वच्छ नव्हते. पहिल्यांदाच ऐकणार असाल तर लेकीचं मूळ मिश्रण घ्या. १९८५ ची विनाइल तबकडी हाती लागली तर उत्तमच. घेताना मात्र रेकॉर्ड उजेडात तिरपी धरून ओरखडे बघा. सुरुवातीची टिकटिक घड्याळांची आहे, त्याहून जास्त टिकटिक ऐकू आली तर ती विक्रेत्याची देणगी समजा आणि भाव पाडा.